रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कसे काढता?

रानजाई

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पाककृतीच्या धाग्यांवर कधीतरी लिहिते. आज वेगळंच विचारायचंय.

डाव्या स्तनात गाठ लागली हाताला. सोनोमॅमोग्राफी झाली, त्यात बायरॅड्स ४ए (गाठ किती संशयास्पद वाटते त्याची श्रेणी) असं लिहून आलं. शनिवारी ट्रूकट बायोप्सी केली, म्हणजे जाड सुईने गाठीचे तुकडे काढले. लॅबवाले म्हणाले एरवी चार-पाच दिवसांत देतो पण मधे दिवाळी आलीय, भाऊबीज झाली की फोन करा. म्हणजे अख्खी दिवाळी हे डोक्यावर घेऊन काढायची.

डॉक्टर चांगल्या आहेत, नीट बोलतात. नवऱ्याला माहितीये. मुलगी बारावीत आहे, तिला सांगितलेलं नाही. आई जळगावला असते, पंच्याहत्तरीची आहे, तिलाही नाही. दिवसा ठीक असतं हो, फराळाचं चाललंय, हात गुंतलेले असतात. पण रात्री दोन-अडीचला जाग येते आणि मग सकाळपर्यंत डोळा लागत नाही. अंधारात पडल्यापडल्या गाठ चाचपत बसते, सुईमुळे तिथे काळंनिळं झालंय, दुखतंय, तरी हात तिथेच जातो.

तर तुमच्यापैकी कुणी यातून गेलं असेल तर हे दिवस कसे काढले ते सांगा. खरं खरं सांगा. आणि प्लीज 'काही होणार नाही गं' असं लिहू नका. नवरा प्रेमानेच म्हणतो ते, पण त्याने म्हटलं की मला जास्त एकटं वाटतं, कारण मग पुढे काही बोलताच येत नाही. दुसरा प्रश्न, आईला सांगू का? भाऊबीजेला तिकडेच जायचंय.

मोगरा_पुणे

अगं रानजाई, आधी एक घट्ट मिठी. सविस्तर लिहिते रात्री, आत्ता चकलीचं पीठ मळून ठेवलंय.

सह्याद्रीचा_वारा

पॉझिटिव्ह राहा ताई. मनात चांगलं आणलं की चांगलंच घडतं. रिपोर्ट नॉर्मलच येणार बघा.

लीड्सवाली

@सह्याद्रीचा_वारा, तिने हेच नको म्हणून लिहिलंय ना. तुमचा हेतू चांगला आहे ते कळतंय. पण आजारी माणसावर 'पॉझिटिव्ह राहा'ची जबाबदारी टाकली की उद्या रिपोर्ट वाईट आला तर तो स्वतःलाच दोष देतो, मी चांगला विचार केला नाही म्हणून असं झालं. गाठीत ज्या पेशी आहेत त्या बायोप्सीच्या दिवशीच ठरलेल्या होत्या. आता मनात काहीही आणलं तरी त्या बदलत नाहीत. मला तर याच विचाराने हायसं वाटलं होतं, की चला, घाबरायला परवानगी आहे, घाबरल्याने काही बिघडत नाही.

सह्याद्रीचा_वारा

बरोबर आहे. घाईत वाचलं होतं. ताई, काळजी घ्या, जवळपास काही मदत लागली तर कळवा, मी नाशिकरोडला असतो.

काचपट्टी

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. तुमचा रिपोर्ट काय येईल याबद्दल एक अक्षरही लिहिणार नाही, तसं कुणीच लिहू नये. पण तो तुकडा आमच्याकडे आला की त्याचं पुढे काय होतं ते लिहितो. माझा अनुभव असा की रात्री दोनला डोकं जी चित्रं रंगवतं त्यातली बरीचशी 'एवढा वेळ का लागतोय' यातून येतात.

सुईने काढलेले तुकडे लगेच फॉर्मॅलिनमध्ये टाकतात. स्तनाच्या तुकड्याला त्यात किमान ६ तास मुरावं लागतं आणि ७२ तासांपेक्षा जास्त ठेवायचं नसतं, कारण पुढे हार्मोन रिसेप्टरच्या (कॅन्सर हार्मोनवर वाढतो का हे बघणाऱ्या) तपासण्या करायची वेळ आली तर त्या बिघडू शकतात. मग प्रोसेसिंग, म्हणजे अल्कोहोलने त्यातलं पाणी काढायचं, झायलीनमधून न्यायचं आणि वितळलेल्या मेणात बसवायचं. हे मशीन साधारण रात्रभर चालतं. सकाळी मेणाचा ब्लॉक तयार झाला की त्याचे ३-४ मायक्रॉन जाडीचे काप काढायचे, काचेवर घ्यायचे, रंगवायचे, आणि मग कुठे ते आमच्या मायक्रोस्कोपखाली येतात. सगळं सुरळीत झालं तरी दोन दिवस जातातच. त्यात शंका आली तर त्याच ब्लॉकचे आणखी खोलवर काप मागवतो, शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याला दाखवतो, कधी इम्युनोचे विशेष रंग लावतो, त्याला आणखी काही दिवस जातात. हाडाचा तुकडा असेल तर आधी त्यातलं कॅल्शियम काढावं लागतं, तिथे तर विचारूच नका.

सांगायचा मुद्दा हा की उशीर म्हणजे वाईट बातमी नाही. लवकर आला म्हणजे चांगली, असंही नाही. साध्या गाठींनाही खास रंग लागतात आणि उघडउघड कॅन्सर पहिल्याच काचेवर दिसतो. तुमच्या बाबतीत तर कारण समोरच आहे, दिवाळी. लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज, टेक्निशियनलाही घर असतं.

आणि ४ए चा अर्थ. बायरॅड्समध्ये ४ हा मोठा गट आहे म्हणून त्याचे ए, बी, सी केलेत. ४ए मध्ये कॅन्सर निघण्याची शक्यता २ टक्क्यांच्या वर आणि १० टक्क्यांपर्यंत धरलेली आहे. हा दिलासा म्हणून लिहीत नाहीये, त्या अक्षराचा अर्थ म्हणून लिहितोय.

रानजाई

काचपट्टी, तुमचं पुन्हा पुन्हा वाचलं. माझ्या डोक्यात होतं की ते बघून काहीतरी लपवतायत म्हणून दिवाळीचं कारण सांगतायत. आता निदान ते मेणाचं चित्र डोळ्यांसमोर येईल. मनापासून आभार.

बाबुराव_गोरेगाव

फार चांगला प्रतिसाद काचपट्टी साहेब. असं लॅबमध्ये कुणी भिंतीवर लिहून का लावत नाही?

टीबीची_बहीण

माझ्या धाकट्या बहिणीच्या मानेत गाठी आल्या होत्या. डॉक्टर म्हणाले टीबी असेल किंवा लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) असेल, बघू. हे दोन शब्द एकाच वाक्यात ऐकल्यावर आमच्या आईची काय अवस्था झाली असेल विचार करा. सुईने पाणी काढून तपासलं, त्यात टीबीकडे झुकणारं काहीतरी आलं, सीबीनॅटचं, म्हणजे टीबीच्या झटपट तपासणीचं उत्तर तर त्याच दिवशी मिळालं, ते मशीन दोनेक तासांत सांगतं. पण कल्चरला (जंतू वाढवून बघायला) टाकलेलं होतं ते यायला ४२ दिवस लागू शकतात म्हणे, कारण टीबीचा जंतू वाढतोच मुळी सावकाश. तर एवढे दिवस औषधं चालू आणि तरी मनात धाकधूक.

आम्ही काय केलं सांगते. आजीने घरात नियम केला, की या विषयावर फक्त संध्याकाळी दिवेलागणीनंतर बोलायचं, चहा घेऊन, सगळ्यांनी बसून, आणि तेव्हा ज्याला जे वाटतं ते सगळं बोलायचं, रडायचं असेल तर रडायचं. बाकी दिवसभर कुणी विषय काढला की आजी म्हणायची, "संध्याकाळी." सुरुवातीला मला राग यायचा. पण खरंच काम झालं त्याने. दिवसा विचार आला की आपोआप मनात यायचं, हे संध्याकाळी बोलू, आणि संध्याकाळी बसल्यावर निम्म्या गोष्टी आठवायच्याच नाहीत.

मुक्ता_ना

@टीबीची_बहीण, तुमच्या आजीने केलं ते मानसोपचारात रीतसर शिकवतात, काळजीची वेळ ठरवून घ्यायची, रोज तीच, तीच जागा, आणि एरवी आलेला विचार एका ओळीत लिहून त्या वेळेसाठी ठेवून द्यायचा. मी समुपदेशक आहे, माझ्याकडे येणाऱ्यांना हे सांगते. एक भर घालते, ती वेळ झोपायच्या आधीची नको. रानजाईसारखी मध्यरात्री जाग येत असेल तर उशाशी वही ठेवा, मोबाईल नाही. आणि अर्ध्या तासात झोप लागली नाही तर अंथरुणातून उठा, दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात काहीतरी हाताने करा, झोप आली की परत जा. पलंगावर पडून चाचपत राहिलं की पलंग आणि भीती यांची जोडी जमते.

चाचपण्याबद्दल प्रेमाने सांगते, हात जाणारच. पण बायोप्सीनंतर तिथे रक्त साकळतं, सूज येते, त्यामुळे गाठ मोठी लागते आणि घाबरायला नवं कारण मिळतं. नवऱ्याला सांगा की हात तिथे गेलेला दिसला की फक्त हात धरायचा, बोलायचं काही नाही. त्यांनाही करायला काहीतरी मिळेल बिचाऱ्यांना.

आजोबा_चिंचवड

माझे वय ७१. पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) वाढलेले आले होते. मुलगा म्हणाला बाबा गुगल करू नका. मी गुगल केले नाही, सोसायटीत विचारले. तीन बिल्डिंगमधून एकंदर अकरा जणांचे पीएसए कळले आणि प्रत्येकाचा सल्ला वेगळा. एकाने दुधी सांगितला, एकाने दुधी बंद करायला सांगितला. शेवटी युरॉलॉजिस्ट म्हणाले लघवीत इन्फेक्शन आहे, त्यानेही पीएसए वाढते, औषध घ्या आणि काही आठवड्यांनी परत करू. परत केले तेव्हा उतरले होते. त्या मधल्या काळात मी रोज सकाळी बागेत जाऊन सुकलेली पाने वेचायचो, माळी खूष.

रानजाई, पोरी, आईला सांग. मी बाप आहे म्हणून सांगतो. आम्हाला कळतं. आवाजावरून कळतं. आणि कारण माहीत नसलं की आम्ही त्याहून भयंकर काहीतरी कल्पून बसतो.

विदर्भाचा_बाळ्या

मी इथं वेगळं मत मांडतो, राग मानू नका जी. आमच्या बाबांची बायोप्सी झाली तेव्हा रिपोर्ट आम्ही भावांनी आधी घेतला, डॉक्टरांना भेटलो, बाबांना फक्त 'आतड्याला सूज आहे, ऑपरेशन लागते' एवढंच सांगितलं. ते आयुष्यभर हिंमतवाले दिसले पण या शब्दाचं नाव काढलं की खचायचे, त्यांचा सख्खा भाऊ त्यात गेला होता. ऑपरेशन झालं, बाबा त्यानंतर चांगले जगले, शेतात जात होते. मी आजही तेच करीन. सगळ्यांना सगळं सांगितलंच पाहिजे असं नाही. पंच्याहत्तरीच्या माउलीला ऐन दिवाळीत कशाला घोर लावता? रिपोर्ट येऊ द्या, मग सांगा.

कृष्णाकाठची

बाळ्या भाऊ, तुमच्या बाबांचं तुम्हाला जास्त माहीत, त्याबद्दल बोलत नाही. पण मी पलीकडच्या बाजूला होते. माझा रिपोर्ट घरच्यांनी घेतला, मला सांगितलं 'काही विशेष नाही.' सासूबाई अचानक मऊ बोलायला लागल्या. जाऊबाईंनी डबा करून आणला. नवरा मुलांना शाळेत सोडायला लागला जो कधी सोडत नव्हता. मला दोन दिवसांत कळलं की काहीतरी आहे, पण काय ते नाही, आणि विचारायचं कुणाला, कारण सगळे इतके जपत होते. तो काळ केमोपेक्षा वाईट होता. शरीर माझं, रिपोर्टवर नाव माझं. डॉक्टरांनी तरी आधी मलाच सांगायला हवं होतं, नातेवाइकांना केबिनमध्ये बोलावून नाही.

रानजाई, म्हणून तुला एकच सांगते. रिपोर्ट कसा कळणार हे आत्ताच ठरवून टाक. आत्ता, भाऊबीजेच्या आधी. कोण आणायला जाणार, कोण आधी वाचणार, फोनवर कळणार की डॉक्टरांसमोर, तेव्हा कोण बरोबर असणार, त्या दिवशी मुलगी कुठे असेल. रिपोर्टमध्ये काय असेल ते तुझ्या हातात नाही, पण तो तुझ्यापर्यंत कसा यावा हे बऱ्यापैकी तुझ्या हातात आहे.

मोगरा_पुणे

कृष्णाकाठची, अक्षरशः शंभर टक्के अनुमोदन. रात्री जे लिहिणार होते ते हेच.

माझ्या वेळी लॅबने रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवलं. रविवारची रात्र. डॉक्टरांचा फोन बंद. इंग्रजी शब्द एकेक करून शोधत बसलो मी आणि भाऊ. त्यात साधं फायब्रोअॅडिनोमा लिहिलं होतं, म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ, पण कॅन्सरच्या नावांत असतो तसा शेवटचा 'ओमा' बघूनच आम्ही गारठलो. तर लॅबला आधीच सांगून ठेव, की मला पाठवू नका, डॉक्टरांकडे पाठवा, किंवा दिवसा कामाच्या वेळेतच पाठवा. ऐकतात.

सॅनहोजेकर

आमच्याकडे तर हा प्रकार कायद्यानेच आहे. एप्रिल २०२१ पासून अमेरिकेत नियम लागू झाला की तपासणीचा निकाल तयार झाला की पेशंटला ताबडतोब पोर्टलवर दिसला पाहिजे, अडवून ठेवता येत नाही. हेतू चांगलाच आहे, माहिती पेशंटची आहे. पण होतं काय, डॉक्टरने बघायच्या आधी आपल्या फोनवर टिंग वाजतं. माझ्या बायकोच्या थायरॉईडच्या सुईचा निकाल आम्ही कॉस्कोच्या पार्किंगमध्ये वाचला. बेथेस्डा ३. म्हणजे धड हे नाही धड ते नाही, नमुन्यावरून ठरवता येत नाही असा गट. डॉक्टरचा फोन दुसऱ्या दिवशी. तेव्हापासून आम्ही दोघांनी ठरवलंय, नोटिफिकेशन बंद, अपॉइंटमेंटच्या आदल्या तासाला एकत्र बसून उघडायचं.

लीड्सवाली

इकडे इंग्लंडमध्ये उद्दिष्ट असं आहे की जीपीने (इथल्या फॅमिली डॉक्टरने) संशयावरून पाठवल्यापासून २८ दिवसांत तुम्हाला सांगायचं, कॅन्सर आहे किंवा नाही. सगळ्यांच्या बाबतीत ते पाळलं जातं असं नाही. तरी एक तारीख डोळ्यांसमोर असली की मन जरा थाऱ्यावर राहतं. रानजाई, 'भाऊबीज झाली की फोन करा' हे फार मोघम आहे. लॅबकडून नेमका वार मागून घे.

गणिताचा_मास्तर

थोडं अवांतर. सध्या सगळीकडे 'फुल बॉडी चेकअप'ची पॅकेजं आहेत, सत्तर-ऐंशी टेस्ट, दिवाळी ऑफर. लोकांनी एक समजून घ्या. प्रत्येक टेस्टची 'नॉर्मल' मर्यादा बहुधा अशी ठरवतात की निरोगी माणसांतले ९५ टक्के तिच्या आत बसतील. म्हणजे निरोगी माणसांतलेच ५ टक्के बाहेर. आता एकमेकींशी संबंध नसलेल्या २० टेस्ट केल्या तर ठणठणीत माणसाची किमान एक तरी टेस्ट मर्यादेबाहेर येण्याची शक्यता ६४ टक्के निघते. ०.९५ चा विसावा घात काढा आणि १ मधून वजा करा. म्हणजे निम्म्याहून जास्त धडधाकट लोक लाल अक्षरातला आकडा घेऊन घरी येणार आणि मग पुढची टेस्ट, पुढची वाट.

हे रानजाईंना लागू नाही, त्यांना हाताला गाठ लागली, त्यांनी तपासलं ते योग्यच. पण उगाच लक्षणं नसताना पॅकेजं घेणाऱ्यांसाठी कळकळीने सांगतोय.

मांडवीकाठ

मास्तर, पटलं. माझं सीए-१२५ (ओव्हरीच्या कॅन्सरच्या संशयात बघतात ती रक्ततपासणी) असंच कुठल्याशा पॅकेजमध्ये वाढलेलं आलं आणि माझी झोप उडाली. गायनॅक म्हणाल्या की पाळीच्या दिवसांत, एन्डोमेट्रिऑसिसमध्ये, पोटाच्या टीबीतसुद्धा ते वाढतं, एकट्या त्या आकड्यावरून काही ठरत नाही. मला एन्डोमेट्रिऑसिस होतंच आधीपासून.

बाबुराव_गोरेगाव

पॅकेजवरून आठवलं, आमच्या वडिलांना बारा तास उपाशी राहून या असं सांगितलं होतं. लॅबमध्ये विचारलं काही खाल्लं का, तर ठणकावून म्हणाले नाही. नंतर कळलं पोहे खाल्ले होते. का, तर म्हणे पोहे म्हणजे नाश्ता, खाणं म्हणजे पोळीभाजी.

मोगरा_पुणे

बाबुराव, आमच्याकडे चहा-खारी 'तोंड ओलं करणं' यात मोडतं :)

धाग्याची_शिलाई

परत मूळ विषयाकडे. मी शिवणकाम करते. आईच्या रिपोर्टच्या वेळी मला कळलं की नुसतं मन रमवायला टीव्ही लावून भागत नाही, डोळे टीव्हीकडे आणि डोकं तिकडेच. ज्यात मोजावं लागतं, चुकलं तर उसवावं लागतं, असं काम पाहिजे. मी त्या आठवड्यात एक गोधडी पुरी केली. चकली त्या मानाने बरी, नळी फिरवताना लक्ष द्यावं लागतं.

मुक्ता_ना

@धाग्याची_शिलाई, यावर अभ्यासही झालाय. केट स्वीनी म्हणून कॅलिफोर्नियात मानसशास्त्रज्ञ आहेत, 'वाट बघणं' हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय. वकिलीच्या परीक्षेचा निकाल तिकडे चार महिन्यांनी लागायचा, त्या काळात त्यांनी परीक्षार्थींच्या मनःस्थितीच्या नोंदी घेतल्या. काम असं असावं की त्यात वेळेचं भान हरपेल, अशा कामात असलेल्यांना वाट बघणं कमी जड गेलं, असं त्यांच्या गटाला दिसलं. त्याआधी २०१६ मध्ये त्यांनी मांडलेली गोष्ट मला फार आवडते. ज्यांनी वाट बघताना जास्त काळजी केली, वाईटाची तयारी ठेवली, त्यांनी वाईट निकाल जास्त चांगला पचवला आणि चांगला निकाल आला तर त्यांना आनंदही जास्त झाला. म्हणजे रानजाई, तू आत्ता घाबरतेयस त्यात काही वाया जात नाहीये.

२०१६ चाच लंडनचा एक प्रयोग आहे. स्वयंसेवकांना कॉम्प्युटरवर दगडाखाली साप आहे का ओळखायचं होतं, साप निघाला की हाताला बारीक शॉक. सगळ्यात जास्त ताण कधी आला, शॉक नक्की बसणार हे माहीत असताना नाही, तर शक्यता निम्मी-निम्मी असताना. त्यामुळे 'रिपोर्ट वाईट आला तरी चालेल पण एकदाचा येऊ दे' असं मनात आलं तर स्वतःला वेडी समजू नकोस. फार जणांना वाटतं ते.

नाव_नको

मुक्ता, 'एकदाचा येऊ दे' हे मी कुणाला बोलू शकले नव्हते. गरोदरपणात डबल मार्करमध्ये (बाळाला डाउन सिंड्रोमसारखा दोष असण्याची शक्यता सांगणारी रक्ततपासणी) हाय रिस्क आलं, मग पोटातून पाणी काढून तपासणी, आणि त्याचं पूर्ण कल्चर यायला दोन ते तीन आठवडे. फिशचा, म्हणजे त्याच पाण्याच्या झटपट तपासणीचा निकाल काही दिवसांत आला तो बरा होता, पण पूर्ण येईपर्यंत मी बाळाशी बोलणं बंद केलं होतं पोटातल्या. कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. तेव्हा कुणी सांगितलं असतं की डबल मार्कर फक्त चाळणी आहे, निदान नाही, तर बरं झालं असतं. इथे कुणी त्या वाटेवर असेल तर डॉक्टरांना हा एकच प्रश्न विचारा, ही चाळणी आहे की निदान?

मुलगी आता दुसरीत आहे. खूप बोलते.

कृष्णाकाठची

नाव_नको, लिहिलंस ते बरं केलंस गं.

सोलापुरी_चादर

माझ्या मामांच्या वेळी आम्ही परळला टाटाला होतो. राहायला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. तिथे सगळेच वाट बघणारे. कुणी बीडचं, कुणी बिहारचं, कुणी कोकणातलं. संध्याकाळी जेवताना आज कुणाचा रिपोर्ट आला ते सगळ्यांना माहीत असायचं. माणसं एकमेकांना गावाच्या नावाने हाक मारायची, 'अहो गेवराई, काय म्हणाले डॉक्टर?' कुणी 'काही होणार नाही' म्हणायचं नाही, कारण तिथे सगळ्यांना माहीत होतं. म्हणायचे, 'आलं की सांगा, आम्ही आहोत.' मामांना घरी जेवढी भीती वाटत होती तेवढी तिथे वाटली नाही, त्यांनीच सांगितलं मला. घरी त्यांना सगळ्यांसाठी धीट राहावं लागायचं.

रानजाई, एक तरी माणूस असं शोधा ज्याच्यासमोर धीट राहावं लागणार नाही. नवराही चालेल, पण त्यांना स्पष्ट सांगा की धीर देऊ नका, फक्त ऐका.

पिंपळपान

एक शंका. माझ्या आत्या म्हणतात की सुई टोचली की गाठ पसरते, म्हणून बायोप्सी करूच नये. रानजाईंनी घाबरू नये म्हणून विचारू की नको असं झालं, पण कुणी जाणकाराने खुलासा केला तर बरं.

काचपट्टी

बरं केलंत विचारलंत, ही समजूत घरोघरी आहे. स्तनाच्या गाठीत सुईची बायोप्सी हीच पहिली योग्य पायरी आहे, जगभर. त्याने पेशंटचं भवितव्य बिघडतं असं दिसलेलं नाही. उलट न तपासता थेट गाठ काढून टाकली तर खरं नुकसान होऊ शकतं, कारण कॅन्सर निघाला तर पुन्हा ऑपरेशन, आणि कधीकधी ऑपरेशनच्या आधी औषध द्यायची संधी गेलेली असते.

आणखी एक राहिलं होतं. आपला मेणाचा ब्लॉक आणि काचा लॅबमध्ये जपलेल्या असतात, दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्यायचं असेल तर अर्ज करून मागता येतात. नुसता कागद घेऊन मत मागायला गेलात तर समोरचा पॅथॉलॉजिस्ट फार काही सांगू शकत नाही.

मुक्ता_ना

कुणाला रात्री फारच असह्य झालं तर टेलिमानस या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६. सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. २०२२ पासून सुरू आहे. छातीत धडधड, श्वास लागणं, जेवण न जाणं असं सलग चाललं असेल तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांनाही सांगा, त्या काळापुरती मदत घेण्यात कमीपणा नाही. आणि ज्यांना जपाने, स्तोत्राने बरं वाटतं त्यांनी ते जरूर करावं, लयीत म्हटलं की श्वास आपोआप लांबतो.

रानजाई

सगळ्यांना एकत्रच उत्तर देते, जळगावहून लिहितेय.

आईला सांगितलं. आजोबांचं वाचून ठरवलं. बाळ्या भाऊ, तुमचंही पटत होतं, त्यामुळे जायच्या आदल्या रात्रीपर्यंत मन होईना. ओवाळून झालं, भाऊ बाहेर गेला, आणि मी सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, मला वाटलंच होतं, फोनवर तू माझ्या गुडघ्याची चौकशी फार करत होतीस. मग म्हणाली, तुझ्या मावशीलाही झालं होतं असं, साधं निघालं, पण तिने कुणाला सांगितलं नाही, मला वर्षाने कळलं आणि मी तिच्याशी भांडले. मग रात्री माझ्याजवळ झोपली. मला झोप लागली.

मुलीलाही सांगितलं. तिने डॉक्टरांना विचारायचे प्रश्न वहीत लिहून काढलेत, बायोलॉजी आहे तिला.

लॅबकडून नेमका वार घेतला. नवरा जाऊन पाकीट आणणार, उघडायचं नाही, थेट डॉक्टरांकडे, मी, तो आणि माझी नणंद. नणंद का, तर ती लिहून घेते सगळं, शाळेत क्लार्क आहे.

विदर्भाचा_बाळ्या

चांगलं केलं ताई. माउलीला नमस्कार सांगा.

रानजाई

रिपोर्ट आला. इंट्राडक्टल पॅपिलोमा (दुधाच्या नळीतली गाठ), आणि काही भागात एटिपिया. डॉक्टर म्हणाल्या हा कॅन्सर नाही. पण एटिपिया म्हणजे पेशी थोड्या वेगळ्या दिसतायत आणि सुईत गाठीचा फक्त काही भाग येतो, म्हणून पूर्ण गाठ काढून तपासायला हवी. बुधवारी ऑपरेशन, त्याच दिवशी घरी सोडतील. म्हणजे मंडळी, परत रिपोर्टची वाट.

विचित्र वाटतंय. रडू आलं पण कशाचं ते कळलं नाही, सुटल्याचं का अडकल्याचं. नणंदेने सगळं लिहून घेतलं होतं म्हणून घरी येऊन नीट वाचता आलं, मला केबिनमधलं निम्मंही आठवत नव्हतं. काचपट्टी, यात पुढे काय बघतात?

काचपट्टी

गाठ पूर्ण काढल्यावर आम्ही ती पातळ चकत्या करून सगळी तपासतो, एटिपिया किती भागात आहे, त्याच्या पुढचं काही कुठे लपलंय का ते पाहतो. त्यामुळे हा रिपोर्ट आधीच्यापेक्षा उशिरा येऊ शकतो, जास्त ब्लॉक, जास्त काचा. पुढे काही नाही निघालं तरी एटिपियामुळे धोका थोडा वाढलेला धरतात, म्हणून दरवर्षी तपासणी ठेवावी लागेल, हे डॉक्टर सांगतीलच. ऑपरेशनवाल्या लॅबला पहिल्या बायोप्सीच्या काचा आणि रिपोर्टची प्रत नक्की द्या, लॅब वेगळी असेल तर विशेष करून. दोन्ही शेजारी ठेवून बघायचं असतं.

रानजाई

लॅब वेगळीच आहे. उद्याच काचा मागायला पाठवते. वार आत्ताच विचारून ठेवते यावेळी.

कृष्णाकाठची

आणि समोरून बटणं असलेले दोन गाऊन काढून ठेव, हात वर करून काही घालायला होत नाही पहिले काही दिवस. आधार देणारी मऊ, हुक पुढे असलेली ब्रा मिळते, ती आधीच आणून ठेव. नणंदेला परत ने.